काळ, काम, वेग आणि वर्गणी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे अंकगणित शिकलो. पुढे आयुष्यभर मराठी शिकवले. परंतु सरांचा एक तास अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. काळ-काम-वेगाची उदाहरणे चालली होती. दहा मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर पंधरा मजूर किती दिवसांत बांधतील? आम्ही एका सुरात सांगितले, चार. सरांनी विचारले, साठ मजूर? एक दिवस. आणि सहाशे? मागच्या बाकावरच्या एका हुशार मुलाने उत्तर दिले, दिवसाचा दहावा भाग. सर खडू खाली ठेवून हसले आणि म्हणाले, ‘‘गणित बरोबर आहे रे, पण भिंत वीस फुटांची. सहाशे मजूर उभे कुठे राहणार?’’

आजच्या माझ्या विषयाचे बीज या प्रश्नात आहे. विषय असा की, वर्गणीवर चालणारी एखादी संगणकप्रणाली, म्हणजे जिला आजची मुले सबस्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर म्हणतात ती, उभी करायला खरोखर किती काळ लागतो? मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याची दोन कारणे आहेत. इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून आज जी मुले शिकून बाहेर पडतात, त्यांतली पुष्कळशी संगणकाच्या व्यवसायात जातात, आणि त्यांतली काही नोकरी सोडून स्वतःचे काही उभारण्याचे स्वप्न पाहतात. हे झाले एक कारण. दुसरे कारण घरचे आहे. ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो, तरी सांगतो.

माझा भाचा याच शाळेचा विद्यार्थी. २०२१ च्या जूनमध्ये त्याने आणि त्याच्या एका मित्राने नोकऱ्या सोडल्या. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि शिकवणीचे वर्ग पुन्हा उघडतील अशी चिन्हे होती. या वर्गांसाठी हजेरी, फी आणि पालकांना निरोप यांची व्यवस्था पाहणारी प्रणाली करायची आणि दरमहा सहाशे रुपये वर्गणीने ती द्यायची, असा त्यांचा बेत होता. त्यांनी मला कागद दाखवला. तीन महिन्यांत प्रणाली तयार, पुढच्या मार्चपर्यंत शंभर वर्गणीदार. भांडवल म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, सहा लाखांची मुदतठेव मोडली. ही ठेव जुन्या घराचे छत दुरुस्त करण्यासाठी राखलेली होती. दोघांचा घरखर्च आणि सर्व्हरचे भाडे मिळून महिना पन्नास हजार धरले, तर पैसे बारा महिने पुरणार होते. ‘‘मामा, चौपट वेळ हाताशी ठेवला आहे,’’ असे तो म्हणाला. मी त्याला आशीर्वाद दिला.

आषाढी एकादशीला, म्हणजे कामाला लागल्यापासून पाचव्या आठवड्यात, त्याने मला हजेरीचा भाग चालवून दाखवला. नाव दाबले की हजेरी लागत होती. आम्हा सर्वांना वाटले, काम झालेच. प्रत्यक्षात ती प्रणाली परक्या माणसाच्या हाती विश्वासाने देता आली २०२२ च्या मे महिन्यात. म्हणजे अकरा महिने लागले, आणि त्याच महिन्यात ठेव संपली. पहिली वर्गणी हाती आली ती ऑगस्टमध्ये, चौदाव्या महिन्यात. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत वर्गणीदार झाले सात.

मुलगा आळशी नव्हता की अडाणी नव्हता. मग हे महिने गेले कुठे? मी त्याच्या रोजनिशीची वही मागून घेतली आणि एखादे हस्तलिखित वाचावे तशी ती वाचली. हजेरी पाच आठवड्यांत झाली हे खरे. पण दोन भावंडे एकाच वर्गात असली तर दुसऱ्याला फीत सवलत मिळते. कोणी फी तीन हप्त्यांत देतो, कोणी मधेच वर्ग सोडून पैसे परत मागतो. संकेतशब्द विसरलेल्या शिक्षकाला पुन्हा आत कसे घ्यायचे? एका वर्गाची माहिती चुकूनही दुसऱ्या वर्गाला दिसता कामा नये, याची खात्री कशी करायची? शिक्षकांच्या जुन्या वह्यांत एकाच मुलाचे नाव तीन प्रकारांनी लिहिलेले असे. ते जुळवायचे कसे? पालकांच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा, तर पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मसुदा दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो. त्या नोंदणीतच कित्येक आठवडे गेले.

खुद्द वर्गणी वसूल करण्याचा प्रकारही असाच. दरमहा कार्डावरून रक्कम आपोआप वळती होईल असे त्यांनी गृहीत धरले होते. परंतु १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. प्रत्येक वसुलीआधी निदान चोवीस तास ग्राहकाला सूचना जायला हवी, आणि पाच हजारांवरच्या रकमेला दर वेळी त्याची संमती हवी. जून २०२२ मध्ये ही मर्यादा पंधरा हजारांवर नेण्यात आली. नियम ग्राहकाच्या हिताचा होता यात शंका नाही. मात्र त्या सुमारास देशभर असंख्य आपोआप वसुल्या अडल्या आणि या दोन मुलांना पैसे घेण्याचा भाग पहिल्यापासून नव्याने लिहावा लागला. यातले काहीही तीन महिन्यांच्या त्या कागदावर नव्हते.

हे सारे वाचत असताना मी फ्रेडरिक ब्रुक्स यांचे १९७५ साली प्रसिद्ध झालेले एक पुस्तक मिळवून वाचले. आयबीएम या कंपनीच्या सिस्टिम-३६० या संगणकमालेसाठी जी प्रचंड प्रणाली झाली, तिचे काम ब्रुक्स यांनी सांभाळले होते. ते काम लांबले, आणि ते का लांबले याचा विचार त्यांनी प्रामाणिकपणे मांडला. ते सांगतात की, उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते आणखी लांबते. कारण नव्या माणसाला शिकवायला जुन्याचा वेळ जातो, आणि माणसे वाढली की आपसांत बोलण्याच्या वाटा वाढतात. तिघांत अशा वाटा तीन, दहांत पंचेचाळीस. आमच्या सरांचा प्रश्न, सहाशे मजूर उभे कुठे राहणार, तोच हा!

ब्रुक्स यांची आणखी दोन निरीक्षणे अधिक मोलाची आहेत. आपल्या टेबलावर आपल्यापुरता चालणारा कार्यक्रम आणि इतर प्रणालींशी जुळवून घेत परक्यांच्या हाती देण्याजोगी वस्तू, यांच्या श्रमांत सुमारे नऊपटींचे अंतर असते, हे त्यांतले पहिले. दुसरे म्हणजे वेळाची वाटणी. एकूण वेळेपैकी एकतृतीयांश आखणीला, एकषष्ठांश प्रत्यक्ष लिहिण्याला आणि उरलेला निम्मा वेळ तपासणीला द्यावा, असे ते सांगतात. म्हणजे आपण ज्याला काम म्हणतो ते लिहिणे म्हणजे कामाचा सहावा हिस्सा. भाच्याच्या पाच आठवड्यांना नवाने गुणून पाहा. पंचेचाळीस आठवडे येतात, म्हणजे साडेदहा महिने. एवढा नेमका मेळ हा योगायोग असेल, परंतु जून ते मे हा काळ आकाशातून पडला नव्हता, हे मात्र त्यातून कळते.

आता कोणी म्हणेल, ब्रुक्स यांचे पुस्तक पन्नास वर्षांचे जुने. आज कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल ते लिहून देते. हे खरे आहे. भाचाही ती वापरतो आणि पूर्वी आठवडा घेणारे काम पुष्कळदा एका दिवसात उरकतो. पण सरांच्या पद्धतीने गणित मांडू. लिहिण्याचा सहावा हिस्सा अगदी शून्यावर आणला, तरी पाच हिस्से शिल्लक राहतात. नवे साधन तपासणीला आणि आखणीलाही थोडाबहुत हात देईल. शिकवणी चालवणाऱ्या बाईंचा विश्वास बसायला, त्यांनी महिनाभर वापरून पाहायला, पुढचा प्रवेशहंगाम यायला जो काळ लागतो, तो कोणत्या साधनाने आटणार?

हंगाम हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. शिकवणीच्या धंद्यात प्रवेश मुख्यतः एप्रिल ते जुलै या काळात होतात. मे महिन्यात, ऐन गर्दीत, कोणता शिक्षक आपली वही बदलेल? तयार झालेली प्रणाली हाती असूनही खरी संधी आली ती पुढच्या एप्रिलमध्ये. शेतकऱ्याची पेरणी पंधरा दिवस हुकली तर तो पंधरा दिवस थांबत नाही, वर्ष थांबतो. संगणकाच्या धंद्यालाही पंचांग असते, हे त्या मुलांना कोणी सांगितले नव्हते.

मित्रहो, ‘कोणी सांगितले नव्हते’ यातला ‘कोणी’ म्हणजे मी. ही कबुली देण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

डॅनिएल कानेमान या विख्यात मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर बेतलेला एक प्रसंग सांगितला आहे. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करायला घेतले. किती काळ लागेल, हे प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहावे असे त्यांनी सुचवले. सगळ्या चिठ्ठ्या दोन वर्षांच्या आसपास होत्या. मग त्यांनी मंडळातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारले की, अशा इतर मंडळांना किती काळ लागला? तो गृहस्थ ओशाळला. सुमारे चाळीस टक्के मंडळांचे काम पुरेच झाले नाही, आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली, असे त्याने सांगितले. गंमत ही की, त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीवरही सुमारे दोनच वर्षे होती! ते पुस्तक आठ वर्षांनी पुरे झाले, आणि तोवर ते वापरण्याची कोणाला हौस उरली नव्हती.

त्या तज्ज्ञाच्या जागी मला मी दिसतो. मी माळव्यातल्या मराठी घरांतील बोलीचा एक शब्दसंग्रह केला. एका संस्थेला दोन वर्षांची मुदत लिहून दिली होती, लागली नऊ. शब्द गोळा करणे दीड वर्षात झाले होते. उरलेली साडेसात वर्षे अर्थ पडताळण्यात, पाठभेद मिटवण्यात आणि मुद्रिते तपासण्यात गेली. ज्या आजीबाईंनी ओसरीवर बसून मला शब्द सांगितले, त्यांतल्या सहा जणी पुस्तक निघण्यापूर्वी गेल्या. ‘‘माझं नाव छापलं का रे?’’ असे विचारणाऱ्या एकीला मी चार वर्षे ‘‘पुढच्या दिवाळीला’’ असे सांगत राहिलो. इतके सारे स्वतः भोगलेला मी भाच्याचा तीन महिन्यांचा कागद पाहून गप्प राहिलो. का? आपल्यात शुभकार्याच्या आरंभी अशुभ बोलू नये असा संकेत आहे. शुभ बोल नाऱ्या म्हटले, तर मांडवाला आग लागली असे म्हणणारा मी कशाला होऊ, असे मला वाटले. मुदत आणि मुहूर्त यांत मी घोटाळा केला. मुहूर्ताला मंगल बोलावे हे योग्यच. मुदतीच्या बाबतीत मात्र खरे बोलावे. त्या दिवशी खरे बोलण्याइतके प्रेम मी दाखवायला हवे होते.

आता वर्गणीकडे वळू. हा शब्द आपल्या भाषेत नवा नाही. गणेशोत्सवापासून मासिकांपर्यंत आपण वर्गणीवरच जगत आलो. वस्तू विकली की व्यवहार संपतो. वर्गणी घेतली की व्यवहार सुरू होतो, कारण वर्गणी म्हणजे उद्याच्या कामाचे वचन. इंग्रजीतला महापंडित सॅम्युएल जॉन्सन याने १७५६ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी वर्गणीदार जमवले आणि पुढच्या वर्षअखेरीस ग्रंथ देण्याचे कबूल केले. ग्रंथ निघाला १७६५ मध्ये. दरम्यान पैसे खर्च झाले, वर्गणीदारांची नावेही हरवली, आणि त्याची जाहीर टवाळी झाली. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव ग्राहक मिळवले आणि तेवीस खंडांचे काम तडीस नेले. नंतर त्या साऱ्या खटपटीचा वृत्तांत लिहिला, त्याच्या नावातच ‘बारा वर्षांचे काम’ असे शब्द आहेत. किती काळ लागला हे शीर्षकातच सांगणारा असा ग्रंथकार विरळा. पुढे कोशकार्य हाती घेणाऱ्याला तो आकडा केवढा उपयोगी!

वर्गणीच्या धंद्याचे गणितही आपण शाळेत शिकलो आहोत. हौदाला एक नळ भरण्याचा आणि एक गळतीचा, ते उदाहरण आठवा. समजा, दरमहा आठ नवे वर्गणीदार येतात आणि असलेल्यांपैकी शेकडा चार सोडून जातात. वर्ग बंद पडतो, कोणी गाव बदलतो, कोणाला दुसरी प्रणाली आवडते. अशा हौदाची पातळी दोनशेवर थबकते, कारण दोनशेचे शेकडा चार म्हणजे आठ. जितके येतात तितकेच जातात. तेथवर पोचण्याचा वेग किती? पहिल्या वर्षअखेर सत्त्याहत्तर, दुसऱ्या वर्षअखेर सव्वाशे, तिसऱ्या वर्षअखेर एकशे चोपन्न. महिना सहाशे रुपयांप्रमाणे तिसऱ्या वर्षअखेर मासिक उत्पन्न ब्याण्णव हजारांच्या घरात जाते. त्यातून सर्व्हर, संदेशांचा खर्च आणि कर वजा केला, तर एका कुटुंबाचा संसार नीट चालेल. यातून दोन गोष्टी दिसतात. पहिले वर्ष तुटपुंजे जाणार हे गणितातच आहे. त्यात कोणाचा दोष नाही. आणि नळ मोठा करण्याआधी गळती पाहावी. शेकडा चारऐवजी दोनच सोडून गेले, तर तोच हौद चारशेपर्यंत भरतो.

वर्तमानपत्रांत आपण शेवटचा दिवस वाचतो. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स ही कंपनी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात उतरली, तेव्हा सर्वत्र गौरव झाला. तिचा आरंभ २०१० चा, म्हणजे मधे अकरा वर्षे होती. अमेरिकेतील कॉन्स्टंट कॉन्टॅक्ट ही कंपनी अनेक वर्षे चालवणाऱ्या गेल गुडमन यांनी २०१२ साली एका भाषणात वर्गणीच्या धंद्याच्या या लांब आणि संथ चढणीचे वर्णन करून ठेवले आहे. चढण संथ असणे हा अपवाद नाही, तोच नेम आहे.

तेव्हा, कोणी माजी विद्यार्थी मला आज विचारील तर मी काय सांगेन? हे माझे शास्त्र नव्हे, पाहिलेल्या-वाचलेल्यावरून बांधलेला अंदाज आहे. दोन जाणती माणसे पूर्ण वेळ काम करीत असतील, तर परक्याच्या हाती देण्याजोगी लहानशी वस्तू व्हायला सहा ते नऊ महिने धरावेत. पहिले दहा वर्गणीदार मिळायला त्यापुढे सहा महिने. एका घराचा खर्च भागायला आरंभापासून तीन ते चार वर्षे. नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करणार असाल, तर बांधणीचा काळ दुप्पट करा. ही मुदत ऐकून छाती दडपत असेल, तर मुदत कापू नका, काम कापा. पाच गोष्टी करणार असाल तर एकच करा. शक्य असेल तर ती लिहून पुरी होण्यापूर्वी तीन परक्या माणसांकडून वर्गणी घेऊन दाखवा. स्तुती करणारे तीनशे मिळतात, खिशात हात घालणारे तीन मिळणे अवघड. आणि चिठ्ठी लिहिताना आपल्या बेताकडे पाहू नका. आपल्यासारख्या दहांना किती काळ लागला ते विचारा.

भाच्याचे पुढे काय झाले, हे ऐकण्यासाठी आपण थांबला आहात. त्याचा मित्र पुण्याला नोकरीवर परत गेला. दोघांत कटुता आली नाही, हे विशेष. भाच्याने अर्ध्या दिवसाची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात काम चालू ठेवले. पहिल्या वर्गणीला २०२५ च्या ऑगस्टमध्ये तीन वर्षे झाली, तेव्हा त्याच्याकडे दीडशेच्या आसपास वर्ग होते. त्या महिन्यात त्याने ती नोकरी सोडली. आईचे चार लाख परत केले आहेत, दोन बाकी आहेत.

आणि छत? माझ्या बहिणीने दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. २०२३ च्या श्रावणात मी तिच्याकडे गेलो होतो. माजघरात तीन बादल्या मांडलेल्या होत्या. मी तिची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘दादा, तीन वर्षं लागतील असं तू तेव्हा सांगितलं असतंस, तरी मी पैसे दिलेच असते. फक्त आधी छत करून घेतलं असतं.’’

या वाक्याने माझे उरलेसुरले समाधानही गळून पडले. खरी मुदत सांगितली तर मुलांचा उत्साह मावळेल, असे आपण वडीलधारी मंडळी समजतो. पण उत्साह इतका नाजूक नसतो. खरी मुदत कळली, तर घर आधी छत करून घेते, आणि मग मुलाच्या पाठीशी निर्धास्त उभे राहते.

यंदाच्या एप्रिलअखेरीस छताचे काम पुरे झाले. गवंड्याने मुदत तीन आठवड्यांची सांगितली होती. बहिणीने त्याला विचारले, मागच्या घराला किती लागले होते? तो डोके खाजवून म्हणाला, सात. तिने सात धरले. काम साडेसहा आठवड्यांत झाले आणि पाऊस त्यानंतर आला.

सर आज असते तर त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.